शुगर लो झाली? आकडा बघितलात का?

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

आजचा विषय तुमच्या-आमच्या तोंडी रोज असतो. दुपारी चारची मीटिंग, जेवण होऊन तीन तास झालेले, आणि कोणीतरी म्हणतं, "यार, शुगर लो झालीये, बिस्किट आहे का?" त्यांची शुगर खरंच लो असते का? बहुतेक वेळा कोणी मोजलेलीच नसते. आता यात चिडण्यासारखं काही नाही, बिस्किट द्यावं आणि मोकळं व्हावं. पण "न मोजता लो" या प्रकाराला शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यात ससे आहेत, एक सर्जन आहे, अमेरिकेतली एक मोठी फॅशन आहे आणि आपल्याच देशातली, जीव गेलेली मुलं आहेत. आज तोच इतिहास.

मी डॉक्टर नाही, हे दर वेळेसारखं आधीच सांगतो. बीटेक करून कोड लिहिणारा माणूस आहे. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा.

सुरुवातीला थोडं गणित. धडधाकट माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी ग्लुकोज असतं साधारण चार ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. मेंदू दिवसाला त्यातलं जवळपास १२० ग्रॅम खातो. म्हणजे हा चमचा सतत रिकामा होतोय आणि सतत भरला जातोय. भरण्याचं काम यकृत करतं. त्याच्याकडे ग्लायकोजेनच्या रूपात शंभरेक ग्रॅमचा साठा असतो, आणि तो संपला की ते इतर गोष्टींपासून, अगदी स्नायूंमधल्या प्रथिनांपासूनसुद्धा, नवं ग्लुकोज बनवतं. हे यकृत आणि त्याचा साठा लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहेत.

आता टोरांटो. १९२१ च्या उन्हाळ्यात बँटिंग आणि बेस्ट या जोडीने कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून अर्क काढला, ते आपल्याला शाळेत कुठेतरी सांगितलेलं असतं. ११ जानेवारी १९२२ ला चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन दिलं. तो अर्क अशुद्ध होता, फारसा उपयोग झाला नाही. जेम्स कॉलिप या बायोकेमिस्टने तो शुद्ध केला आणि २३ तारखेला पुन्हा दिला, तेव्हा मुलगा सावरायला लागला. कॉलिप आपला अर्क किती जोरदार आहे हे सशांवर तपासत होता. डोस जास्त झाला की ससा झटके देऊन कोसळायचा. ग्लुकोज टोचलं की तोच ससा उठून बसायचा. आणि मंडळी, ही गोष्ट मला फार आवडते, कारण आज इन्सुलिनच्या बाटलीवर जे "युनिट" लिहिलेलं असतं, त्याची सुरुवातीची व्याख्या याच सशांवर बेतलेली होती: उपाशी सशाची साखर झटके येतील इतपत, म्हणजे साधारण ४५ पर्यंत, खाली आणणारं प्रमाण. इन्सुलिनचं मोजमापच लो शुगरने सुरू झालं.

माणसांमध्येही हे लगेच दिसलं. टोरांटोचे डॉ. वॉल्टर कॅम्पबेल आणि डॉ. आल्मन फ्लेचर यांनी १९२२ मध्येच पेशंटच्या लक्षणांची नोंद केली. भूक, घाम, थरथर, भीती, मग गोंधळ, मग बेशुद्धी. उपाय ठरला संत्र्याचा रस किंवा साखर. शंभर वर्षं झाली, तोच उपाय आहे.

इथे अमेरिकेतल्या अलाबामाचे डॉ. सील हॅरिस येतात. इन्सुलिन घेतलेल्या पेशंटना असं होतं हे त्यांनी पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे कधीच इन्सुलिन न घेतलेले काही लोक अगदी हीच लक्षणं सांगतात. त्यांची साखर मोजली, काहींची खरंच कमी निघाली. १९२४ मध्ये त्यांनी लिहिलं की काही माणसांचं शरीर स्वतःच जास्त इन्सुलिन सोडत असावं. त्यांचा आहारही साधा होता: साखर आणि गोड कमी, आणि दिवसभरात थोडं थोडं, पुन्हा पुन्हा खायचं. आज इन्स्टाग्रामवर "लो शुगर डाएट" म्हणून जे चकाचक चार्ट फिरतात, त्यांचं मूळ हे.

हॅरिस यांचा तर्क बरोबर आहे की नाही, याचा पुरावा एका दुर्दैवी डॉक्टरच्या शरीरात सापडला. १९२६ च्या सुमारास मेयो क्लिनिकमध्ये एक सर्जन पेशंट म्हणून आले. इन्सुलिन कधी घेतलेलं नाही, तरी साखर कोसळायची, आणि शुद्धीवर राहण्यासाठी त्यांना सतत गोड खावं लागायचं. विल्यम मेयो यांनी पोट उघडलं तर स्वादुपिंडात गाठ, आणि ती यकृतापर्यंत पसरलेली. काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. सर्जन वाचले नाहीत. पण त्या गाठीचा अर्क सशांना टोचला, आणि सशांची साखर खाली आली. गाठ इन्सुलिन बनवत होती! पुढे १९२९ मध्ये टोरांटोमध्ये रॉस्को ग्रॅहम यांनी अशीच, पण न पसरलेली गाठ एका बाईंच्या पोटातून काढली आणि त्या बऱ्या झाल्या. त्या केसच्या अहवालावर आपले मघाचे कॅम्पबेलही होते.

हे यश बघून अनेक सर्जन कामाला लागले. पोटं उघडली जायला लागली आणि कित्येकांच्या आत काहीच सापडेना. म्हणून न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी १९३० च्या दशकात एक साधा नियम घातला. एक, लक्षणं हवीत. दोन, त्याच वेळी मोजलेली साखर कमी हवी. तीन, ग्लुकोज दिल्यावर लक्षणं जायला हवीत. तिन्ही असतील तरच पुढचं बोलू. आमच्या भाषेत सांगायचं तर बग रिपोर्ट आला, त्याच क्षणाचा लॉग दाखवा, आणि फिक्स टाकल्यावर तो जातो का ते दाखवा. नुसतं "ॲप स्लो वाटतंय" यावर कोणी सर्व्हर बदलत नाही. याला व्हिपलचं त्रिकूट म्हणतात आणि आजही डॉक्टर यावरच चालतात.

डॉक्टर चालतात, बाजार चालत नाही.

१९५१ मध्ये अमेरिकेत एक पुस्तक आलं, 'बॉडी, माइंड अँड शुगर'. लेखक डॉ. अब्राहमसन आणि पेझेट. त्यात दमा, दारूचं व्यसन, मनाचे आजार अशा कितीतरी गोष्टींचा संबंध लो शुगरशी जोडला होता. पुस्तक जोरात खपलं. पुढची वीसेक वर्षं अमेरिकेत लो शुगर ही जवळपास फॅशन होती. थकवा येतो? लो शुगर. चिडचिड होते? लो शुगर. नवऱ्याशी पटत नाही? बघा, शुगर तपासा.

तपासणीही अशी की निकाल बहुधा हवा तसाच लागावा. रिकाम्या पोटी ग्लुकोजचं भरपूर गोड पाणी प्यायला द्यायचं आणि पुढचे पाच-सहा तास रक्त काढत राहायचं. एवढं गोड एकदम पोटात गेलं की इन्सुलिन उसळतं आणि नंतर साखर थोडी खाली घसरते. अनेक ठणठणीत माणसांत हे होतं. १९८१ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात काहीही लक्षणं नसलेल्या ६५० लोकांची ही तपासणी बघितली, तर त्यातल्या १० टक्क्यांची साखर ४७ किंवा त्याखाली गेलेली. म्हणजे टेस्टमुळेच दहातला एक "रोगी" तयार होत होता.

मग उपचार. आहारापर्यंत गोष्ट थांबली असती तर फार बिघडलं नसतं, साखर कमी खाऊन कोणाचं नुकसान होत नाही. पण न्यूयॉर्कजवळच्या डॉ. टिंटेरा यांच्यासारख्या लोकांनी सांगायला सुरुवात केली की दोष ॲड्रिनल ग्रंथींचा आहे, आणि प्राण्यांच्या ग्रंथींच्या अर्काची इंजेक्शनं घ्या. लोकांनी घेतली. शेवटी १९७३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशन, डायबेटिस असोसिएशन आणि एंडोक्राइन सोसायटी या तीन संस्थांना एकत्र येऊन जाहीर सांगावं लागलं की अशी लक्षणं असलेल्या बहुसंख्य लोकांना लो शुगर नाही, आणि हा अर्क त्यावरचा उपचार नाही. संपलं का? छे. १९९५-९६ मध्ये कोलोरॅडो आणि वायोमिंग राज्यांत वजन कमी करण्यासाठी हाच अर्क टोचला जात होता आणि त्यातून लोकांना जिवाणूंचे गळू झाले. नाव बदललं, दुकान चालू.

एक गोष्ट मात्र मला इथे सांगायलाच हवी. त्या लोकांना घाम येत होता, धडधड होत होती, हे खोटं नव्हतं. १९८९ मध्ये माँट्रियलच्या डॉक्टरांनी छान काम केलं. अशा पेशंटना सांगितलं, घरी त्रास होईल त्याच क्षणी बोटातून थेंब काढून द्या. बहुतेक नोंदींमध्ये साखर नॉर्मल होती. त्रास खरा, कारण दुसरं. ते चिंता असेल, झोप असेल, थायरॉइड असेल, रक्त कमी असेल. "लो शुगर" हे लेबल चिकटलं की ते दुसरं कारण कोणी शोधत नाही, आणि माझ्या मते या फॅशनचं खरं नुकसान तेच होतं.

सप्लिमेंटचा किस्सा थोडक्यात. "ब्लड शुगर बॅलन्स" लिहिलेल्या डब्या उलट्या करून बघा, क्रोमियम हमखास सापडेल. १९५९ मध्ये श्वार्झ आणि मेर्ट्झ यांनी उंदरांवर काम करून सांगितलं की यीस्टमधला क्रोमियम असलेला घटक साखर हाताळायला मदत करतो. १९७७ मध्ये टोरांटोतच (हे शहर आज पाठ सोडत नाही) वर्षानुवर्षं शिरेतून अन्न घेणाऱ्या एका बाईंची साखर बिघडली होती, ती क्रोमियम दिल्यावर सुधारली. त्यावर डोलारा उभा राहिला. लो शुगरसाठी म्हणून १९८७ चा एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो. त्यात किती लोक होते माहितीये? ८ स्त्रिया. २०१४ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तर म्हटलं की क्रोमियम शरीराला आवश्यक आहे याचाच खात्रीशीर पुरावा नाही. आठ जणांच्या डेटावर आमच्याकडे कोणी बटणाचा रंगसुद्धा बदलू देणार नाही.

मग आहाराने लो शुगर सांभाळली जातच नाही का? जाते, आणि त्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण कोणत्याही इन्फ्लुएन्सरला माहीत नसतं.

काही मुलं जन्मतःच अशी असतात की यकृतात साठा असतो, पण तो रक्तात सोडायचं एंझाइमच नसतं. एडगर फॉन गिर्के यांनी १९२९ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. गोदाम भरलेलं आणि दाराला कुलूप. अशा बाळाने तीन-चार तास काही खाल्लं नाही तर साखर कोसळते. आईबापांनी झोपायचं कधी? १९७० च्या दशकात उपाय निघाला तो रात्रभर नाकातून नळी घालून पोटात थेंब थेंब ग्लुकोज सोडायचा. नळी निसटली किंवा पंप बंद पडला की जीव धोक्यात. आणि १९८४ मध्ये चेन, कॉर्नब्लाथ आणि सिडबरी या डॉक्टरांनी दाखवलं की पाण्यात कालवलेलं कच्चं मक्याचं स्टार्च, आपल्या किराणा दुकानात कॉर्नफ्लोअर म्हणून मिळतं तेच, हे काम करतं. शिजवायचं नाही. शिजवलं की ते पटकन पचतं. कच्चं असलं की आतड्यात हळूहळू फुटतं आणि तासन् तास ग्लुकोज देत राहतं. दर सहा तासांनी मोजून डोस. नळी सुटली. अर्थात हे कोणाचं पाहून स्वतःवर करायचं नाही, तो डोस मुलाची साखर तपासूनच ठरतो.

आणि सगळ्यात मोठा गट म्हणजे डायबेटिसवाले. आपल्याकडे लो शुगर सर्वांत जास्त त्यांच्यातच होते, इन्सुलिनमुळे किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांमुळे. घरात आजी-आजोबा, काका-मावशी कोणी असतील तर हे ऐका. साखर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम पटकन चढणारं गोड, म्हणजे पाण्यात तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर. १५ मिनिटं थांबा, पुन्हा मोजा, कमीच असेल तर पुन्हा द्या. नंतर थोडं जेवण. चॉकलेट किंवा पेढा नको, त्यातल्या फॅटमुळे साखर उशिरा चढते. ॲकार्बोज किंवा व्होग्लिबोज चालू असेल तर घरची साखर नीट फुटत नाही, तिथे ग्लुकोज पावडरच हवी. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ हॉस्पिटल.

आता हातावर पॅच लावून फोनवर साखर बघणारी मंडळीही वाढली आहेत. माझ्या टीममधल्या एकाला डायबेटिस नाही, हौस म्हणून लावलाय. रोज पहाटे तीनला अलार्म, ५८. तो त्या कुशीवर झोपतो, पॅच दाबला जातो, आणि सेन्सर खोटं लो दाखवतो. पॅच रक्तातली साखर मोजतही नाही, पेशींमधल्या द्रवातली मोजतो, काही मिनिटं उशिराने. आकडा आहे म्हणजे मोजमाप झालं असं नाही. शंका आली तर बोटातला थेंब.

आता मुझफ्फरपूर. बिहारचा हा जिल्हा लिचीसाठी प्रसिद्ध. १९९५ पासून तिथे एक भयंकर गोष्ट घडत होती. मे-जूनमध्ये, लिचीच्या हंगामात, लहान मुलं रात्री ठीक झोपायची आणि पहाटे झटके येऊन कोसळायची. लोक 'चमकी बुखार' म्हणायचे. मेंदूज्वर समजून वर्षानुवर्षं विषाणू शोधला गेला. विषाणू सापडत नव्हता, मुलं जात होती.

वेल्लोरचे विषाणूतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन आणि मुझफ्फरपूरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. अरुण शाह यांनी वेगळी दिशा धरली. त्यांना जमैकाची गोष्ट माहीत होती. तिथे कच्चं ॲकी फळ खाल्लं की उलट्या, झटके आणि मृत्यू व्हायचे, आणि १९५४ मध्ये किंग्स्टनच्या संशोधकांनी त्या फळातलं विष वेगळं केलं. त्याचं नावच पडलं हायपोग्लायसिन, कारण ते साखर पाडतं. लिची ॲकीच्याच कुळातली आहे.

२०१४ मध्ये भारताच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने अमेरिकेच्या सीडीसीबरोबर मोठा तपास केला. २६ मे ते १७ जुलै या काळात दोन रुग्णालयांत ३९० मुलं आली, त्यातली १२२ दगावली. दाखल होताना ३२७ मुलांची साखर मोजली, २०४ जणांची ७० किंवा त्याहून कमी. लघवी तपासलेल्या ७३ आजारी मुलांपैकी ४८ जणांत लिचीतल्या विषाच्या खुणा. शिवाय या मुलांची तुलना त्याच वयाच्या, पण मेंदूशी संबंध नसलेल्या दुसऱ्या आजारांसाठी त्याच रुग्णालयांत आलेल्या मुलांशी केली, तर लिची खाणं आणि आदल्या रात्री न जेवणं या दोन गोष्टी पुढे आल्या. रात्री जेवलेल्या मुलांमध्ये लिचीचा परिणाम कमी दिसत होता. हे सगळं २०१७ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये छापून आलं.

आता सुरुवातीचं यकृत आठवा. पोटभर जेवलेल्या, सुदृढ मुलाच्या यकृतात साठा असतो, रात्र निघून जाते. गरीब घरातलं कुपोषित मूल दिवसभर बागेत पडलेली लिची खातं आणि रात्री न जेवता झोपतं. साठा मध्यरात्रीच संपतो. यकृत नवं ग्लुकोज बनवायला जातं, तर लिचीतलं विष नेमकं तेच काम अडवतं. दोन्ही दारं बंद. म्हणून सुखवस्तू घरातली मुलं किलोभर लिची खाऊन हसतखेळत उठतात.

लिचीवर अजूनही वाद आहे. काही तज्ज्ञ उष्माघाताला जास्त दोष देतात. पण उपायावर फारसा वाद नाही. मुलाला रात्री जेवल्याशिवाय झोपू देऊ नका, हंगामात लिची कमी द्या, आणि झटके आलेलं मूल आणलं की आधी साखर बघा आणि लगेच ग्लुकोज द्या. जॉन यांचा आग्रह होता शिरेतून १० टक्के डेक्स्ट्रोजचा. पुढच्या काही हंगामांत मृत्यू खूप घटले. २०१९ मध्ये कडक उन्हाळ्यात पुन्हा शंभराहून जास्त मुलं गेली, आणि जागृतीची मोहीम ढिली पडली होती अशी टीका तेव्हा झाली.

एकीकडे अमेरिकेत साखर कमी नसलेल्या हजारो लोकांचं सहा-सहा तास रक्त काढलं जात होतं. दुसरीकडे मुझफ्फरपूरमध्ये एका स्ट्रिपवर जे दिसलं असतं, ते दिसायला वीस वर्षं गेली. याचा मला अजूनही राग येतो.

आपल्याकडे मेळघाट, नंदुरबारच्या पोषण पुनर्वसन केंद्रांत अतिकुपोषित मुलं दाखल होतात, तिथे जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा पायऱ्या पाळायच्या असतात. पहिली पायरी लो शुगरची आहे, ताप-जंतुसंसर्गाच्याही आधी. ५४ च्या खाली म्हणजे कमी. मूल शुद्धीत असेल तर १० टक्के ग्लुकोजचं ५० मिली पाणी पाजायचं, मग दर दोन तासांनी थोडं थोडं दूध, रात्रीसुद्धा, मूल झोपलं असेल तर उठवून. आणि तिथे एक ओळ अशी आहे, जी मी आत्तापर्यंत बडबडलो त्याच्या बरोबर उलट आहे: साखर मोजायची सोय नसेल तर ती कमी आहे असंच धरा, आणि द्या.

चला, भेटू पुढच्या भागात.